जात्यापाशीचे दप्तर

ज्यास अक्षरओळख नाही त्यास वाङ्मय नाही, अशी आम्हां सुशिक्षितांची जुनी समजूत. जळगावजवळील आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी ती खोटी ठरविली. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. तरी दळता-कांडता, शेतात खपता त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचीत गेल्या. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव, व एक आप्त यांनी ती टिपून ठेविली. १९५१ साली त्या निवर्तल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरविते.

हे सारे खरे. तथापि आमच्या मनास एक रुखरुख लागून राहते. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी दप्तरे जपीत आले आहे. परंतु जात्यापाशी गाइलेल्या गाण्यांचे दप्तर कोणी ठेवावे? बहिणाबाईंच्या घरी टिपून घेणारा हात होता, म्हणून त्यांची काही गाणी तरी वाचली. आमच्या आजीचेही जाते पहाटे घुमत असे. आमच्या घरात लेखण्या पुष्कळ होत्या. आम्ही मात्र पांघरूण ओढून पुन्हा निजत असू.