स्वीडनला कोणी हरवेल का गं?

बर्न, १६ डिसेंबर २०१९

प्रिय नंदा,

फोन केलास, मी उचलला नाही, म्हणून रुसू नकोस. घसा पार बसलाय. शनिवारी नशातेलला ओरडून ओरडून बसला तो अजून जागेवर आलेला नाही. बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

‘ती प्लॅस्टिकची हॉकी बघायला गेलीस?’ हा तुझा कुजका मेसेज वाचला. बाई, तू जन्माची हॉकीवाली, तुला नाक मुरडायचा हक्क आहे. पण महिलांची जागतिक फ्लोअरबॉल स्पर्धा इथून रेल्वेने पाऊण तासावर, नशातेलला भरलेली असताना मी घरात बसून काय करणार होते?

आधी खेळ समजून घे. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान, तेही छताखाली. भोवती गुडघ्याएवढी फळी, त्यामुळे चेंडू बाहेर जाण्याऐवजी फळीवर आपटून परत खेळात येतो. चेंडूचं वजन २३ ग्रॅम, अंगावर २६ भोकं. पाच जणी मैदानात आणि सहावी गोलात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं. काठी कमरेच्या वर नेली की शिट्टी. बदली खेळाडूंसाठी खेळ थांबत नाही. दमलेल्या पाच जणी फळी ओलांडून बाहेर, ताज्या पाच आत, आणि चेंडू धावतोच आहे. तुझ्या हॉकीत आता हे आहेच म्हणा, पण इथे ते मिनिटामिनिटाला चालतं.

मला सगळ्यात आवडली ती गोलकीपर. तिच्या हातात काठीच नसते! डोक्याला जाळीचं शिरस्त्राण, जाड पँट, आणि सगळा सामना गुडघ्यांवर. गुडघ्यांवरच घसरत ती या खांबापासून त्या खांबापर्यंत जाते. फटका आला की छाती, पोट, मांडी, जे पुढे येईल ते घालते. चेंडू हलका आहे म्हणून हसू नकोस. आम्ही गोलामागेच बसलो होतो. तो निघाला की दिसत नाही, फक्त फळीचा फाडकन आवाज येतो.

तर शनिवार. उपांत्य सामना, स्वित्झर्लंड विरुद्ध चेक प्रजासत्ताक. यजमान संघ, त्यामुळे प्रेक्षक घरचेच, आणि त्यांच्या हातात गाईच्या गळ्यातल्या घंटा. पण शेवटची चार-एक मिनिटं उरली तेव्हा चेक मुली ६-२ अशा पुढे. माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब कोट घालायला लागलं. स्विस संघाने गोलकीपरला बाहेर बोलावलं आणि तिच्या जागी सहावी आक्रमक उतरवली. गोल उघडा, म्हणजे जुगारच. आणि मग एक, दोन, तीन, चार! ६-६! घंटा, पाय, घसे, सगळं एकदम. कोटवाला बाबा एक बाही घालून, एक लोंबकळत ठेवून नाचत होता. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला, असा नियम. तो गोलही स्विस मुलींनीच मारला. ७-६. तोंडचा घास जाणं म्हणजे काय, ते चेक मुलींच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. त्या बिचाऱ्या मैदानातच बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

काल अंतिम सामना स्वीडनशी. पुन्हा जादा वेळ, आणि या वेळी स्वीडन ३-२. कांस्य फिनलंडला.

आता माझी तक्रार ऐक. १९९७ मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांवर महिलांची पहिली स्पर्धा झाली, ती स्वीडनने जिंकली. पुढच्या दोन फिनलंडने नेल्या, मग २००३ ला परत स्वीडन. २००५ ला स्पर्धा पहिल्यांदा युरोपबाहेर, सिंगापूरला गेली आणि तिथे स्वित्झर्लंडने सुवर्ण पटकावलं. त्यानंतर? २००७ पासून कालपर्यंत ओळीने सात वेळा स्वीडन. त्यांच्याकडे पोरं शाळेपासून हॉलमध्ये हा खेळ खेळतात, क्लबांचं जाळं गावोगाव आहे. त्यांचं कौतुक आहेच, पण एकाच घरात कप राहिला की बाकीच्यांनी किती वर्षं टाळ्याच वाजवायच्या? म्हणून कालचा निसटता निकाल मला पराभवासारखा वाटलाच नाही. स्वीडनला घाम फुटलेला पाहिला.

आणि यातल्या बहुतेक जणी पोटासाठी दुसरंच काही करतात. शिकतात, नोकऱ्या करतात, संध्याकाळी सरावाला येतात. ऑलिंपिकमध्ये खेळ नाही, त्यामुळे पैसाही बेताचा. आपल्याकडच्या खो-खोच्या मुली आठवल्या, खरं सांगते.

तुझ्या शाळेचा तो सभागृहवजा हॉल पावसाळ्यात चार महिने ओस पडतो ना? मैदानात चिखल झाला की पोरींची हॉकी बंद. मी मे महिन्यात येतेय, येताना डझनभर काठ्या आणि चेंडू आणते. फळीच्या जागी बाकं आडवी लावू. मुख्याध्यापकांना तू आत्ताच विचारून ठेव, आणि होकार आला की लगेच कळव, म्हणजे सामानाचं वजन धरून तिकीट काढता येईल.

तुझी,
मंगल