कचऱ्याची आगगाडी

आधी नुसता भोंगा ऐकू आला. मग दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आपटून तोच भोंगा परत आला, आणि मग ती दिसली. कोलंबिया नदीच्या काठाकाठाने येते आहे. पुढे पिवळीधमक इंजिनं, मागे पेट्यांमागून पेट्या, पेट्यांमागून पेट्या. संपेचना! मैलभर लांब तरी असेल. खिडकी नाही, दार नाही, डोकावणारं माणूस नाही. सगळं तोंड मिटून बसलेलं.

"मावशी, हात कर," भाची म्हणाली. "यात आमच्या घरचंही काहीतरी असणार."

ही गाडी अमेरिकेतल्या सिएटल शहराचा कचरा घेऊन येते. ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि अख्खी मालगाडी डोळ्यांसमोरून खडखडत जाताना बघणं वेगळं. चारशे किलोमीटरच्या वर प्रवास करून, वॉशिंग्टन राज्य ओलांडून, शहराचा केर शेजारच्या ओरेगन राज्यात येतो. मुंबईचा कचरा दररोज आगगाडीत बसून कोल्हापूरच्याही पलीकडे जातोय अशी कल्पना करून बघा. आणि तोही कधीतरी अडचण आली म्हणून नाही. १९९१ पासून हा नित्यनेम चालला आहे.

गाडी जिथे रिकामी होते ती गिलियम काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभार, पण जिल्हा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी गर्दी येते ती आधी पुसून टाकायची. क्षेत्रफळ सुमारे ३,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्या पाचपट. आणि माणसं? दोन हजारांच्या आसपास! आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या महाप्रसादाला याहून जास्त पानं उठतात. बाकी सगळा गहू. जुलै होता, कापणीचे दिवस. टेकड्यांवर टेकड्या, सगळ्या एकाच सोनेरी रंगाच्या, कंगव्याने भांग पाडावा तशा कापणी यंत्राच्या रेघा ओढलेल्या. त्या सोन्यातून उभ्या राहिलेल्या पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या. साताऱ्याच्या चाळकेवाडीचं पठार आठवलं, पण इथे पवनचक्क्यांची रांग क्षितिजापर्यंत जाते आणि क्षितिज संपतच नाही.

आणि दगड! गाडीतून उतरल्याउतरल्या मी कड्याला हात लावला. काळा, थरांवर थर असलेला, पायऱ्यापायऱ्यांचा. अगदी आपला सह्याद्री. खरंच तसाच तो घडला आहे. आपला दख्खनचा कातळ जसा लाव्ह्याच्या पुरांनी घडवला, तसाच कोलंबिया खोऱ्याचाही. फक्त आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा दीडएक कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे नात्याने धाकटा. पण याच्या अंगावर झाड नाही, करवंदाची जाळी नाही, शेवाळ तर नावालाही नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम नऊ इंच. आपल्या दुष्काळी माण-खटावातही याच्या दुपटीच्या आसपास पडतो.

या कोरडेपणातच सगळी मेख आहे. सिएटल हे चिंब शहर. त्याचे स्वतःचे कचरा डेपो शहराच्या दक्षिणेला होते. १९८०च्या दशकात ते बंद करावे लागले आणि पुढे त्यांची नावं देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या सरकारी यादीत गेली. कचऱ्यावर पाऊस पडला की त्यातून काळं, विषारी पाणी झिरपतं आणि खालच्या विहिरींचा घात करतं. मग जिथे पाऊसच नाही तिथे कचरा न्या! त्यात १९९३ पासून देशभर नवे कडक नियम लागू झाले: तळाला अस्तर हवं, झिरपणारं पाणी गोळा करायची सोय हवी, डेपो बंद केल्यावरही तीस वर्षं राखण हवी. गावोगावच्या छोट्या उकिरड्यांना हा खर्च झेपेना. १९८८ मध्ये अमेरिकेत ७,९२४ डेपो होते, २००६ पर्यंत १,७५४ उरले. कचरा मात्र कमी झाला नाही. २०१८ च्या सरकारी हिशोबात तो माणशी दिवसाला सव्वादोन किलोच्या घरात होता. म्हणजे उकिरडे मोजके झाले आणि अवाढव्य झाले.

किती अवाढव्य, ते आर्लिंग्टन गावाच्या दक्षिणेला, कोलंबिया रिज नावाच्या त्या जागी गेल्यावर कळतं. नाकाला पदर लावायच्या तयारीने मी निघाले होते. मुंबईच्या देवनार कचरा डेपोच्या बाजूने एकदा जरी गेला असाल तरी ती तयारी कशाची असते ते सांगायला नको. १९२७ पासूनचा तो डोंगर, आणि २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा तो धूर! इथे मात्र आधी काही कळतच नाही. वारा, गव्हाचा धुरळा, रानटी सेज झुडपांची कापरासारखी उग्र झुळूक. मग एक वळण, आणि समोर मातीचं पठार. हा डोंगर की तो डोंगर, कचऱ्याचा कुठला आणि देवाने केलेला कुठला, सांगता येत नाही.

आणि मग पेटी रिकामी होताना दिसली. आगगाडीवरून उचललेली एक पेटी ट्रेलरवर बसून वर येते. ट्रेलर एका लोखंडी फळीवर चढतो. फळी उचलली जाते. हळूहळू, कुरकुरत, अख्खा ट्रेलर, चाकांसकट, आकाशाकडे तोंड करून उभा राहतो! सुपातलं धान्य पाखडावं तसा. मागचं दार उघडतं आणि शहर बाहेर पडतं. काळ्या-पांढऱ्या पिशव्या, गादीचा फाटका कोपरा, लहान मुलाची गुलाबी बादली, एक बूट, एकच. दुसरा कुठल्या पेटीत असेल? आता मात्र वास येतो: आंबट, गरम, थेट घशात जाणारा. काळे कावळे (आपल्यापेक्षा दांडगे) झेप घेतात. तोवर लोखंडी काट्यांच्या चाकांचा राक्षसी रोलर त्या ढिगावरून जातो, परत येतो, परत जातो. गुलाबी बादली दिसेनाशी होते. दिवस संपायच्या आत या सगळ्यावर मातीचा वीतभर थर पडलाच पाहिजे, असा नियम आहे. पाळतातही. उघडा कचरा रात्र बघत नाही.

खाली काय आहे ते दिसत नाही, पण ज्याने आम्हांला फिरवलं तो भला माणूस हातवारे करून सांगत होता. सर्वांत खाली चोपलेली माती, तिच्यावर जाड प्लास्टिकची चादर, तिच्यावर खडी, खडीत झिरपणारं पाणी ओढून घेणाऱ्या नळ्या. वर जागोजागी विहिरींसारख्या उभ्या नळ्या रोवलेल्या. कचरा आत कुजतो, त्याचा वायू होतो, तो या नळ्यांनी शोषून इंजिनांत जाळतात आणि वीज करतात. ती वीज विकत कोण घेतं? सिएटलची वीज कंपनी! म्हणजे भाचीने टाकलेल्या पिशवीवर भाचीचाच मिक्सर फिरतोय म्हणायचं. ती तर यावर हसतच सुटली.

तिच्या घरचा थाटही सांगायलाच हवा. सिएटलला तिच्या दाराशी तीन डबे असतात: एक पुनर्वापराचा, एक खरकटं आणि बागेतल्या पालापाचोळ्याचा, आणि एक उरलेल्या कचऱ्याचा. तिसरा डबा जितका मोठा तितकं बिल मोठं. म्हणून तो इवलासा घेतलेला, आणि त्यात काही टाकायचं म्हणजे जावई पाकिटातली नोट काढावी इतका विचार करतात. नारळाची शेंडी कुठे, कढीपत्त्याच्या काड्या कुठे, तेलकट पिझ्झ्याचं खोकं कुठे, यावर जेवणाच्या टेबलाशी वाद. २०१५ पासून तर खरकटं कचऱ्यात टाकणं तिथे नियमाविरुद्ध आहे. आगगाडीत बसतं ते एवढं सगळं चाळून उरलेलं!

गिलियममध्ये घरोघरचं गणित निराळं. आम्ही जिच्या शेतावरच्या घरात उतरलो होतो ती सत्तरीची बाई, गव्हाची शेतकरीण. शेजार म्हणजे दूरवर दिसणारा दुसऱ्या शेतावरचा दिवा. घंटागाडी येणार कुठून आणि कोणासाठी? केर साठवायचा, पिकअप गाडीच्या मागे टाकायचा आणि तालुक्याच्या बाजाराला निघावं तसं तो टाकायला निघायचं. वजन होतं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. तिच्या सासऱ्यांच्या काळी यातलं काही नव्हतं. अंगणात एक लोखंडी पिंप, त्यात रोजचा केर पेटवायचा. मोडकी अवजारं, फ्रिज, जुनी मोटार, जे जळणार नाही ते शेताच्या कडेच्या घळीत ढकलायचं. घळ अजून आहे. तिने दाखवली: वाळक्या गवतातून वर आलेलं एका जुन्या ट्रकचं गंजून लाल झालेलं नाक, आणि त्याच्या खिडकीत पाखरांचं घरटं. आपल्याकडे असता तर भंगारवाल्याने पन्नास वर्षांपूर्वीच तो तराजूत घातला असता, नाक-कानांसकट.

भंगाराची आपली अक्कल या लोकांनी कायद्यात घातली आहे, हेही बघितलं. दुकानाबाहेर एक यंत्र. रिकामी बाटली किंवा डबा त्याच्या तोंडात द्यायचा, ते खर्रकन चावून गिळतं आणि दर डब्याला दहा सेंट मोजतं. ओरेगनने हा कायदा १९७१ मध्ये केला, अख्ख्या अमेरिकेत पहिल्यांदा. एक म्हातारबाबा गोणभर डबे घेऊन एकेक देत उभे होते, माळ ओढावी तसे. आणि गंमत म्हणजे नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यात हा कायदाच नाही. या काठी डब्याला दहा सेंट, त्या काठी शून्य! मधे नुसतं पाणी.

ते पाणीही साधं नाही. जुनं आर्लिंग्टन त्याच्याच खाली आहे. १९६०च्या दशकात जॉन डे धरण झालं तेव्हा गाव उचलून वर नेलं. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसदेव माझ्या मनात आलंच.

रात्री त्या बाईच्या ओट्यावर बसलो होतो. सूर्य साडेआठ वाजले तरी मावळायला तयार नाही. शहराचा कचरा तुमच्या दारात येतो त्याचा राग नाही येत? मी विचारलं. तिने खांदे उडवले. सुरुवातीला वाद झाले म्हणाली, आणि एवढ्याशा गावात वाद म्हणजे घराघरांत. पण गव्हाचा भाव कोणाच्या हातात नसतो. इथे करार आहे. काट्यावर वजन होतं आणि टनामागे ठरलेलं शुल्क काउंटीच्या तिजोरीत पडतं. नातू त्या डेपोवरच यंत्र चालवतो, म्हणून गावात राहिला. नाहीतर तोही शहरात गेला असता. वास आला तर? डेपो चालवणाऱ्या कंपनीचा माणूस कुठे राहतो ते सगळ्यांना माहीत आहे, ती म्हणाली.

मग तिने माझ्या शहराचं विचारलं. मी पुण्याचं सांगितलं. फुरसुंगी, उरुळी देवाची, वर्षानुवर्षं तिथे जाऊन पडलेला शहराचा कचरा, गावकऱ्यांनी अडवलेल्या गाड्या, मग शहरात तुंबलेले कचऱ्याचे ढीग, बैठका, आश्वासनं. भाची भराभर इंग्रजीत सांगत होती. बाई शेतकरणीच्या हिशोबी डोळ्यांनी ऐकत होती.

"मग टनामागे गावाला काय मिळतं?" तिने विचारलं.

"पाण्याचे टँकर," मी म्हणाले.

"टँकर कशाला?"

"विहिरी खराब झाल्या म्हणून."