चांदण्यांमागचा पासवर्ड

पासवर्ड ही आता फक्त साहेब लोकांची गोष्ट राहिलेली नाही. घरकाम करणाऱ्या बाईच्या बँक खात्याला पिन आहे, रिक्षा चालवणाऱ्या भावाच्या मोबाईलला पिन आहे, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला पासवर्ड आहे. आपण आकडे दाबतो, पडद्यावर ठिपके किंवा चांदण्या उमटतात आणि आपण निर्धास्त होतो. या चांदण्या काय झाकतात आणि काय झाकत नाहीत, हे मला बेसिक या जुन्या संगणक भाषेमुळे नीट उमगले. ते आपल्या घराघरांत पोचावे म्हणून लिहितो आहे.

1964 साली अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक चालवता यावा, हा त्यांचा हेतू होता. विद्या मूठभरांच्या ताब्यात राहू नये, असे मानणाऱ्या आपल्या समाजाला हा विचार परका नाही. आज नोकरीसाठी ही भाषा कोणी शिकत नाही, पण संगणक कसा विचार करतो हे समजायला ती चांगली आहे. म्हणून रविवारी विहारात वंदना झाली की आठवी-नववीच्या मुलामुलींना मी एका जुन्या संगणकावर तीच शिकवतो.

एका रविवारी आम्ही पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. आधी 'इनपुट' ही साधी आज्ञा वापरली. पण तिच्यात टाईप केलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटते. मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर मला इथूनसुद्धा वाचता येतंय!"

मग 'इनकी-डॉलर' वापरली. ही आज्ञा एका वेळी एकच कळ वाचते आणि ती पडद्यावर दाखवत नाही. कळ दाबलेली नसेल तर रिकाम्या हाताने परत येते, म्हणून प्रोग्रॅमला पुन्हा पुन्हा विचारावे लागते, कळ दाबली का? अक्षर मिळाले की ते आधीच्या अक्षरांना जोडून ठेवायचे आणि पडद्यावर त्याच्या जागी एक चांदणी छापायची. एंटरचा क्रमांक 13, तो आला की थांबायचे. खोडायच्या कळीचा क्रमांक 8, तो आला की साठवलेले शेवटचे अक्षर काढायचे आणि एक चांदणी पुसायची. काहीच टाईप केलेले नसताना कोणी ती कळ दाबली तर प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडतो, म्हणून आधी लांबी तपासायची. दहा-बारा ओळींचे काम, पण चांदण्या उमटल्या तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारले, "आता पासवर्ड कोणाला दिसेल?" सगळे म्हणाले, "कोणालाच नाही." मी 'लिस्ट' एवढाच शब्द टाईप केला. प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी पडद्यावर आल्या आणि त्यांतल्या एका ओळीत आमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता. वर्ग एकदम गप्प झाला.

मोठ्या ठिकाणीही असे घडले आहे. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेत अनेकांनी मिळून वापरायचा एक संगणक होता. 1966 साली तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी संगणकात प्रवेश करी त्याच्यासमोर स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादी येऊ लागली. म्हणून चांगल्या व्यवस्थेत आता मूळ पासवर्ड साठवतच नाहीत. गणिताने त्याचे रूप बदलून ठेवतात आणि त्या रूपावरून मूळ शब्द उलट काढणे अतिशय अवघड असते.

चांदणी फक्त मागे उभ्या असलेल्या माणसाची नजर अडवते. आपण आपल्या तोंडाने सांगितलेले ती अडवू शकत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका आजींची पेन्शन बँकेत येते. त्या ओळखीच्या एका मुलाला कार्ड देत आणि पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहिलेला. तीन महिने तो सांगितल्यापेक्षा जास्त पैसे काढत होता. आजींच्या औषधाचे पैसे गेले. त्यांची नात आमच्या वर्गात येते. तिने पासबुक भरून आणले, नोंदी जुळवल्या आणि हे उघड केले. मग ती आजींना घेऊन मशीनपाशी गेली, पिन बदलला आणि एका हाताने आडोसा करून दुसऱ्या हाताने चार आकडे कसे दाबायचे ते शिकवले. शाळेची पायरी न चढलेल्या आजी आता स्वतःचे पैसे स्वतः काढतात.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. आपल्यापैकी कित्येकांना पिन म्हणून 1404, 1891 किंवा 1956 हे आकडे जवळचे वाटतात. त्यामागची श्रद्धा मी जाणतो. पण हे आकडे साऱ्या वस्तीला पाठ आहेत. बाबासाहेबांची जयंती आणि धम्मदीक्षेचे वर्ष मनात जपावे, कुलूप मात्र दुसऱ्या आकड्याचे लावावे. मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी पिन किंवा ओटीपी मागितला तर सरळ फोन ठेवावा.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले की, कोणी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. पडद्यावरच्या चांदण्यांनाही हाच नियम लावायला हवा. आपली मुले संगणकावर काय शिकतात ते त्यांना घरी विचारा आणि आई-आजींना शेजारी बसवून त्यांच्याकडून शिकून घ्या. कष्टाच्या पैशाची किल्ली ज्याची त्याच्याच हातात राहिली पाहिजे.