दुसऱ्या घराचा मोह

डोक्यावर एक छप्पर आले की माणसाला दुसऱ्याची ओढ लागते. हा मोह आम्हांलाही झाला होता, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यातून आम्ही जे शिकलो ते कदाचित आणखी एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल.

आमचे बिऱ्हाड सुरत शहरातील कतारगाम भागात आहे. वसईची वाडी सोडून नोकरीसाठी येथे आलो त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एके काळी कतारगाम हे पापडीच्या शेंगांसाठी नावाजलेले गाव होते, आणि उंधियो करणारी सुरतेची गृहिणी आजही कतारगामच्या पापडीचे नाव आदराने घेते. मळ्यांच्या जागी आता इमारती आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने उभे आहेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला तेव्हा आमच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली गेला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर चार दिवस अडकून पडलो होतो. अशा दोन खोल्यांत आयुष्य काढल्यावर, निवृत्तीचे चार पैसे हाती येताच, मोकळ्या हवेत आपली एखादी खोली असावी असे वाटू लागले.

नेमका त्याच सुमारास एक दलाल भेटला. ओलपाड तालुक्यात, समुद्राच्या बाजूला, जहाजावरील मालाच्या जुन्या कंटेनरचे केलेले एक घर विकाऊ होते. वीस फूट लांब, आठ फूट रुंद. आत खाट, मोरी, पंखा आणि दोन खिडक्या. किंमत पक्क्या घराच्या मानाने थोडी. जागेचे भाडे मात्र दरसाल वेगळे द्यायचे होते. आम्ही बयाणा देण्यास निघालो, तोच आमच्या पत्नीने अडवले. ती म्हणाली, “अहो, आपला पुतण्या असल्याच घराचा धनी आहे ना? आधी त्याला विचारा.”

आमचा हा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. तेथे समुद्रकिनाऱ्यांवर अशा घरांच्या वसाहतीच आहेत. त्यांना ‘स्टॅटिक कॅरॅव्हॅन’ म्हणतात. घराखाली चाके असतात, पण ते सहसा जागचे हलत नाही. मोठ्या मोटारीवर लादून एकदा आणून ठेवले, नळ, वीज, गॅस जोडला, की ते तेथेच राहते. घर विकत घेणाऱ्याचे, पण जमीन वसाहतीच्या मालकाची. त्या जमिनीचे भाडे दरसाल भरावे लागते आणि ते सहसा वाढतच जाते. करार ठरावीक वर्षांचा असतो. तेथे बारा महिने कायमचे राहण्याची मुभा नसते. पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात काही आठवडे वसाहत बंदच ठेवतात. घर जुने झाले की ते हलवण्यास सांगतात, आणि विकायचे म्हटले तर मालक किमतीतून आपली दलाली कापून घेतो.

पुतण्याने फोनवर हे सर्व सांगितले आणि शेवटी म्हणाला, “काका, मी ते आठ वर्षे ठेवले. विकले तेव्हा घातलेल्या पैशांचा चौथा हिस्साही हाती आला नाही. पण मुलांना आठ उन्हाळे समुद्र मिळाला. मालमत्ता म्हणून पाहिले तर मी बुडालो. सुटीचा खर्च म्हणून पाहिले तर माझी तक्रार नाही. तुम्ही ते काय समजून घेणार आहात, तेवढे आधी ठरवा.”

हा प्रश्न आमच्या जिव्हारी लागला, कारण आम्ही ते मालमत्ता समजूनच घेणार होतो. आपल्या नावाचे काहीतरी मागे राहावे, ही सुप्त इच्छा त्यात होती. मग जमिनीचा सात-बारा मागवला. दलालाने टाळाटाळ केली, तरी अखेर उतारा हाती आला. जमीन शेतीची होती. शेतजमिनीवर लोकांना राहण्यासाठी असली घरे भाड्याने मांडायची तर बिनशेतीची परवानगी लागते, आणि ती घेतलेली नव्हती. शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या हाती सहजासहजी जाऊ नये, हा निर्बंध तर १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यापासून चालत आलेला आहे. म्हणजे जमीन आमची होणार नव्हती आणि तिच्यावर लोखंडी पेटी ठेवण्याचा हक्कही कागदावर कोठे नव्हता. उद्या कोणी ती उचलण्यास सांगितले असते, तर आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हटले असते?

त्या संध्याकाळी आम्ही कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीकडे पाय वळवले. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली येथेच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी, १६५९ साली, गेला होता. दोघां भावांवर घुमटांची केवढी मोठी इमारत उभी आहे! व्यापारासाठी सातासमुद्रापलीकडून आलेल्या या माणसांना सुरतेत कायमची मिळालेली वास्तू ती हीच. मागे नाव राहावे म्हणून धडपडणाऱ्या आमच्यासारख्याने त्या घुमटांखाली थोडा वेळ जरूर उभे राहावे.

पुढे दिवाळी आली. हिऱ्यांचे कारखाने बंद झाले, घंट्या थांबल्या आणि आमची गल्ली ओस पडू लागली. येथील कारागीर बहुतेक सौराष्ट्रातले. दिवाळीत ते बायकामुलांसह गावी जातात. शेजारचे काका अमरेली जिल्ह्यातले. वर्षातून अकरा महिने कुलपात असलेल्या घराची किल्ली खिशात घालून ते निघाले होते. दुसऱ्या घराचा आमचा बेत त्यांना ठाऊक होता. जिन्यात थांबून त्यांनी सहज विचारले, “भाई, तुमचे वतन नाही का?”

आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर लाजिरवाणे होते. वसईला आमचे कौलारू घर आहे. तेथे थोरल्या वहिनी एकट्या राहतात. पडवीची कौले सरकली आहेत, वासे कुजले आहेत, पावसाळ्यात खाट हलवत रात्र काढावी लागते, असे त्यांनी दोन वेळा कळवले होते. “पाहू पुढे,” असे आम्ही दोन्ही वेळा म्हटले होते. घर तिघां भावांचे. त्यावर आपण एकट्याने का खर्च करावा, असा हिशेब आम्ही मनात घातला होता.

कंटेनरचा विचार सोडला आणि त्या पैशांतून छपराचे वासे नवे घातले, कौले फेरली. यात आम्ही फार मोठा त्याग केला असे कोणी समजू नये. घरातील आमचा वाटा तेवढाच राहिला आणि घातलेला पैसा परत येणार नाही. पुतण्याप्रमाणे आम्हीही तो खर्च म्हणूनच मांडला. फरक इतकाच की त्या खर्चाच्या छपराखाली आता वहिनी कोरड्या झोपतात.

वाचकहो, घर घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर घ्यावे, पण जमीन कोणाची, हक्क किती वर्षांचा, दरसालचे देणे किती, हे कागदावर पाहून घ्यावे, आणि आपण विसावा विकत घेतो आहोत की मोठेपणा, हे स्वतःला विचारावे. पवित्र शास्त्रातील अब्राहाम वचनदत्त देशातही तंबूतच राहिला, आणि संत पौल तर तंबू करण्याचाच धंदा करीत असे. तात्पुरत्या घरात राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण कायमचे घर कोठे आहे हे ते जाणून होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयता वसईला गेलो होतो. रात्री सर धरली. सवयीने वहिनी उठल्या, खाटेजवळ येऊन त्यांनी वर पाहिले, अंधारातच क्रूसाची खूण केली आणि पुन्हा जाऊन झोपल्या.