पेंग्विनांच्या गावी एक दिवस

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी ते काचेआडून पाहिले असतील. आमची धाकटी तेव्हा लहान होती. तिने विचारले होते, "बाबा, यांचं खरं घर कुठंय?" ते पेंग्विन दक्षिण अमेरिकेतले. तिथवर आम्ही काही पोहोचलो नाही. पण भाचा नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला असतो, त्याच्या आग्रहामुळे त्यांचे आफ्रिकेतले भाऊबंद मात्र पाहायला मिळाले.

केपटाउनहून सुमारे चाळीस किलोमीटरवर सायमन्स टाउन हे आरमाराचे गाव. तिथला बोल्डर्स किनारा म्हणजे मोठमोठे गुळगुळीत खडक, पांढरी वाळू आणि गार पाणी. तिकीट काढून लाकडी पुलावरून चालू लागलो आणि झुडपांतून गाढव ओरडल्यासारखा आवाज आला. धाकटी दचकली. तो पेंग्विनच होता! उंची जेमतेम दोन फूट, डोळ्यांवर गुलाबी डाग. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवतात. सौभाग्यवती आमच्याकडे बघून म्हणाल्या, "शिका काहीतरी!"

त्यांना खाऊ घालायचा नाही, हात लावायचा नाही. निघताना गाडीखाली पेंग्विन बसलेला नाही ना, हे वाकून पाहायचे, अशी पाटीच वाहनतळावर आहे.

१९८२ साली इथे दोन जोड्यांनी घरटी केली. लोकांनी त्यांना जपले आणि पुढे वस्ती हजारांवर गेली. २००० साली एक जहाज बुडून तेल सांडले, तेव्हा हजारो स्वयंसेवकांनी सुमारे १९ हजार पेंग्विन हातांनी धुऊन वाचवले. तरीही आज ही जात संकटात आहे. त्यांचे खाद्य असलेले छोटे मासे कमी झाले. जगभरात दहा हजारांहूनही कमी जोड्या उरल्याने २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

परतताना भाच्याने गाडी डोंगरापलीकडे ओशन व्ह्यू नावाच्या वस्तीकडे वळवली. नावाचा अर्थ सागरदर्शन, पण वस्तीतून समुद्र दिसणे कठीण! भाच्याने इतिहास सांगितला. १९६७ साली वर्णभेदी सरकारने सायमन्स टाउन गोऱ्यांसाठी राखीव केले. सात हजारांहून अधिक माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. त्यांतल्या अनेकांना इथे आणून टाकले. समुद्रकिनारेही वर्णानुसार वाटलेले होते. तो कायदा १९९० साली रद्द झाला.

१९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी महाडला गेलेल्यांची आपण लेकरे. हे ऐकताना आम्हाला काय वाटले, ते वेगळे सांगायला नको. पेंग्विनांना जपले, ते योग्यच केले. मुक्या जिवावर करुणा हवीच. पण त्याच गावातून माणसांना उठवताना ही करुणा कुठे गेली होती?

धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पेंग्विनांचं घर कळलं. या लोकांचं खरं घर कुठं होतं?"

आम्ही मागे, डोंगरापलीकडे, सायमन्स टाउनच्या दिशेने बोट दाखवले.