जीपच्या कोपऱ्यावरची काठी

आईची अट एकच होती. ‘जीप ठेवायची असेल तर ठेव. पण तू गाडी घेऊन नदीकडे गेलीस, की मला तुझा आवाज आला पाहिजे.’

शुक्रवारच्या संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याहून सोलापूरला जाणारी माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत. कुणी आईच्या हातच्या शेंगाचटणी-कडक भाकरीसाठी जातं, कुणी हुरड्यासाठी. मी जाते बाबांच्या जीपसाठी. महिंद्राची जुनी एमएम ५४०, कापडी हूडची. बाबा गेले ते सीना नदीकाठच्या शेतात. तिथल्या खोलगटात मोबाइलला रेंज नसते. गड्याला चढावर पळत जाऊन फोन लावावा लागला. लवकर लागला असता तर काही बदललं असतं का, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण ‘आउट ऑफ कव्हरेज एरिया’ हे शब्द ऐकले, की आई अजूनही हातातलं काम ठेवून देते.

त्यातच गेल्या पावसाळ्यात मावसभाऊ त्याची जिप्सी घेऊन पुढे, आई त्याच्याबरोबर आणि मी जीप घेऊन मागे, असे आम्ही शेताकडे निघालो. सोलापूरची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि एका सरीत सगळ्याचा साबण होतो. माझी चाकं रुतली. दादाची गाडी वळणाआड गेली. फोनवर एकही दांडी नाही. दोन तासांनी ते मला शोधत परत आले तेव्हा मी मजेत बॉनेटवर बसून बिस्किटं खात होते. आईचा चेहरा पाहिला आणि बिस्कीट तोंडातच राहिलं. वरची अट त्या रात्रीची.

सीबी की हॅम?

हॉलिवूडच्या ट्रकवाल्या सिनेमांत हातात माइक घेऊन गप्पा मारतात ना, तो सीबी रेडिओ. सिटिझन्स बँड. माझ्या डोक्यात पहिल्यांदा तोच आला. गंमत म्हणजे भारतातही त्याला जागा आहे. ऑगस्ट २००५ मध्ये केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या, ५ वॅटपर्यंतच्या सेटसाठी परवान्यातून मोकळा केला. मी लगेच खरेदीच्या मूडमध्ये! दादाने ब्रेक लावला. तो हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असलेला. त्याने कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या.

एक, बाहेरून येणारे सीबी सेट ४० चॅनेलचे असतात. आपला मोकळा पट्टा २७ व्या चॅनेलपाशीच संपतो. वरची १३ चॅनेल आपल्याकडे त्या सवलतीत नाहीत, मग बटण फिरत असलं तरी!

दोन, लहर किती लांब, त्यावर अँटेनाची लांबी ठरते. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची. तिच्या पाव लांबीची काठी म्हणजे पावणेतीन मीटर. बाभळीखालून जाणाऱ्या जीपवर एवढी काठी लावली तर ती गळ टाकायला निघाल्यासारखी दिसेल. तारेचं वेटोळं घालून सव्वा मीटरची आखूड काठी मिळते, पण आखूड काठी म्हणजे थोडी कमी ताकद आणि सेटिंगला जास्त नाजूक.

तीन, आणि हे महत्त्वाचं: परवानामुक्त म्हणजे अटमुक्त नव्हे. सेट मंजूर प्रकारचा लागतो. अटी फक्त वॅटच्या नाहीत, अँटेनाच्याही आहेत. टपावर काठी चढवली तरी सवलत आपल्याला लागूच, असं धरून चालता येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकींचीही तीच कथा. नियम न पाळता त्या विकल्याबद्दल मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. तेव्हा ‘कार्टमध्ये दिसतंय म्हणजे चालतंय’ हे लॉजिक इथे बाद.

‘मग करू काय?’
‘परीक्षा दे,’ दादा शांतपणे म्हणाला.

मास कॉमच्या पदवीनंतर पुन्हा कधी ओहमचा नियम वाचावा लागेल, असं वाटलं नव्हतं. पण हॅमची परीक्षा दिसते तेवढी भयंकर नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही बसू शकतं. सुरुवातीच्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. हुतात्माच्या चार तासांच्या प्रवासात मी हेडफोन काढून पुस्तक उघडायला लागले. पास झाले, पुढे कागदपत्रांचा नेहमीचा प्रवास झाला आणि एक दिवस व्हीयू-३ ने सुरू होणारा कॉल साइन हातात पडला. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळीही एवढा आनंद झाला नव्हता.

दादाच्या पिढीला हॅमचं आकर्षण वाटायला एक कारण होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापुरातही माणसं घराबाहेर पळाली होती. फोन नीट लागत नसताना हॅम मंडळींनी आपले सेट नेऊन निरोप पोहोचवले. दादा तेव्हा शाळेत होता. बिनतारेचा आवाज म्हणजे नुसता टाइमपास नव्हे, हे त्याला तेव्हाच कळलं. मला कळायला शेत आणि चिखल लागला.

छप्परच नाही, तर अँटेना कुठे?

हॅमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर साधारण दोन मीटरची. पाव लहर म्हणजे फक्त ४९ ते ५० सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीहून थोडी मोठी काठी! बाभूळ, टेलिफोनच्या तारा, पार्किंगचं छत, सगळ्यांखालून आरामात जाते.

पण इथे खरी गोची आहे. पाव लहरीची अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या खालचा पत्रा. म्हणूनच टपाच्या मधोमध लावलेली अँटेना सगळ्यात छान चालते, चारी बाजूंना सारखी. तुमची गाडी पत्र्याच्या टपाची असेल तर चुंबकाची अँटेना आणा, टपावर ठेवा, वायर दारातून आत घ्या आणि खुशाल पुढचा परिच्छेद गाळा. माझ्या जीपवर कापड आहे. कापडाला ना चुंबक चिकटतं, ना ते पत्र्याचं काम करतं.

पर्याय तीन होते. बॉनेटच्या कडेला क्लिप लावायची, म्हणजे काठी सतत डोळ्यांसमोर नाचणार. पत्र्याची गरज नसलेली अर्ध्या लहरीची अँटेना घ्यायची, पण ती जवळजवळ मीटरभर. किंवा मागच्या कोपऱ्यावर, लोखंडी बॉडीला ब्रॅकेट लावून छोटी काठी बसवायची. कोपऱ्यावर लावली तर ताकद सगळीकडे सारखी जात नाही, जिकडे पत्रा जास्त तिकडे झुकते. मागच्या डाव्या कोपऱ्यावरची काठी समोर उजवीकडे जास्त जोर लावते. मला ते चालणार होतं. दादा कायम पुढेच असतो, जिप्सीतही आणि एरवीही.

भोक पाडायचं नाही

शनिवारी सकाळी जीप गॅरेजला नेली. मिस्त्रींनी ब्रॅकेट हातात घेऊन ड्रिल मशीन उचललंसुद्धा.

‘थांबा, भोक नाही पाडायचं.’
‘मग काय फेव्हिकॉलनं चिकटवलालाव का ओ ताई?’

बाबांनी त्या जीपला कधी एक जादा स्क्रूही मारू दिला नव्हता. शेवटी हुडाच्या पाइपाचा मूळचा बोल्ट जिथे बसतो, तिथेच ब्रॅकेट अडकवलं. बुडाशी स्प्रिंग घातली, म्हणजे फांदी लागली तर काठी वाकेल, मोडणार नाही. केबल ५० ओहमची, आरजी-५८. ती दाराच्या फटीत चेपायची नाही, तीक्ष्ण वळण द्यायचं नाही. सेटची पॉवर थेट बॅटरीवरून, दोन्ही वायरींना फ्यूज. लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर गाडीचा सगळा आवाज कानात येतो. माझी डिझेल असल्याने स्पार्क प्लगची टकटक नाही. दादाच्या पेट्रोल जिप्सीत ती येते, त्यामुळे तेवढ्यापुरता जिंकण्याचा आनंद मला मिळाला.

मग आला एसडब्ल्यूआर मीटर. सेट आणि अँटेना यांच्यामध्ये तो लावायचा. सेटने पाठवलेली ताकद बाहेर जातेय की अँटेनावरून उलटी परत येतेय, हे तो सांगतो. १ म्हणजे आदर्श, दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेलं तर बोलणं थांबवा, सेट जळू शकतो.

आमचा काटा तीनच्या पार.

केबल तपासली, जोड तपासला. मग दादाने ब्रॅकेटखाली बोट फिरवलं. ‘रंग आहे ना हा? बॉडीला टेकलंच नाहीये ते. रंगावर बसलंय.’ म्हणजे अँटेनाला तिची उरलेली अर्धी मिळतच नव्हती. बोल्टाभोवतीचा रंग घासून चकचकीत लोखंड काढावं लागणार होतं. मिस्त्रींनी पॉलिश पेपर पुढे केला. मी हात मागे घेतला. भोक नको म्हणून एवढं भांडले होते आणि आता रंग?

आई डबा घेऊन आली होती. तिने पेपर माझ्या हातात दिला. ‘घास. तुझ्या बाबांनीच तीनदा रंगवली ती. दर वेळी घासूनच.’

घासलं. वरच्या हिरव्याखाली खाकी निघाला, खाकीखाली निळा. निळ्या रंगाची जीप मी फक्त आईबाबांच्या लग्नानंतरच्या एका फोटोत पाहिली होती. आई वाकून रुपयाएवढ्या त्या गोलाकडे बघत राहिली. मिस्त्रींनी दात्यांचा वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, म्हणजे गंज चढणार नाही.

काटा दोनवर आला. मग शेवटचं काम. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला मोजायचं. खाली काटा कमी आणि वर जास्त दाखवत असेल तर काठी लांब आहे, थोडी कापा. उलट असेल तर आखूड आहे, वाढवा. म्हणून सुरुवातीला काठी जरा लांबच ठेवावी. कापलेली जोडता येत नाही! दोन-दोन मिलिमीटर करत चौथ्या कापाला काटा दीडच्या आत आला. मिस्त्री म्हणाले, ‘एवढ्या वेळात गिअरबॉक्स उतरवून चढवला असता.’ पण पैसे घेताना त्यांनी स्वतःच एकदा हेडफोन लावून ऐकलं.

भीमा-सीनेच्या संगमावर

रविवारी पहाटे विजापूर रोडने निघालो, हत्तरसंग कुडलला. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. इथे भीमा आणि सीना एकत्र येतात. संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. शाळेच्या सहलीला आलेल्या अनेकांनी हे पाहिलेलं असतं, पण पहाटेच्या उन्हात नदीकाठी गर्दी नसताना ते वेगळंच दिसतं. (नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र गाड्या घालायची हौस करू नका. तो पक्षी तसाच संपत चाललाय.)

वाटेत कच्च्या रस्त्याला लागलो. दादाची जिप्सी ज्वारीच्या शेतांआड गेली, मग धूळही दिसेना. फोन पाहिला, दांडी नाही. मी गाडी बाजूला घेतली, कारण चालवताना माइक हातात घ्यायचा नाही, हा माझा नियम. कॉल साइन सांगितला. म्हटलं, ‘ओढ्यापाशी आहे. रस्ता कोरडा आहे. येतेय.’

दोन सेकंद नुसती खरखर. मग दादा, अगदी शेजारच्या सीटवर बसल्यासारखा: ‘ऐकू येतंय. स्वच्छ.’

आईला माइकवर बोलता येत नाही, तिच्याकडे परवाना नाही. ती फक्त ऐकू शकते. दर पंधरा मिनिटांनी मी थांबले आणि कुठे आहे ते सांगितलं. खरं सांगायचं तर एवढं सांगण्यासारखं काहीच घडत नव्हतं. ओढा गेला, देऊळ दिसलं, शेळ्या आडव्या आल्या.

संगमावर पोहोचले तेव्हा आई पायरीवर भाकरीचा डबा उघडून बसली होती. या वेळी तिचा चेहरा नेहमीसारखा होता. शेंगाचटणी वाढता वाढता म्हणाली, ‘शेळ्यांचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.’

मग थोड्या वेळाने: ‘त्या परीक्षेला वयाची वरची अट आहे का गं?’

निघण्याआधी एवढं बघा

● आधी परवाना आणि नियम, मग सेट, मग अँटेना. उलट क्रमाने पैसे फुकट जातात.
● पत्र्याचं टप: चुंबकाची अँटेना, मधोमध. कापडी हूड: लोखंडी बॉडीवर ब्रॅकेट किंवा अर्ध्या लहरीची अँटेना.
● ब्रॅकेटखालचा रंग घासा. बहुतेक रडगाणी तिथेच संपतात.
● अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण कधीही दाबू नका.
● एसडब्ल्यूआर मीटर विकत घ्यायची गरज नाही. ओळखीचा हॅम गाठा, तो मीटरसकट येतो आणि जेवूनच जातो.