म्हाळुंग्याला आलेले दोन फ्रेंच

१९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला एक खेळाडू आपल्या कारकिर्दीचा शेवटचा हंगाम आमच्या तालुक्यात खेळून गेला, हे मुळशीत फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. आपण सगळे ज्याला बालेवाडी स्टेडियम म्हणतो, त्या शिवछत्रपती क्रीडानगरीच्या पत्त्यात म्हाळुंगे आहे आणि म्हाळुंगे मुळशी तालुक्यातलं गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं, पण मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीची, २०१४ आणि २०१५ ची.

मी पिरंगुटला एका कारखान्यात फिटर आहे आणि पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये अगदी खालच्या गटात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळतो. आमच्या भागात खेळ म्हटलं की कुस्ती, नाहीतर कबड्डी. मला फुटबॉलचा नाद लागला तो औंधच्या आयटीआयमध्ये असताना, आणि नोकरी लागल्यावरही तो सुटला नाही. फर्स्ट शिफ्ट संपली की लवळे, नांदे करत मोटारसायकलने म्हाळुंग्याला पोहोचता यायचं. पुणे एफसी या क्लबचे आय-लीग या राष्ट्रीय लीगमधले सामने मी असेच पाहिले. हे स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे आणि प्रेक्षक खेळापासून लांब बसतात. गर्दी नसली की मात्र एक फायदा होतो. खेळाडू एकमेकांना काय ओरडून सांगतात ते स्पष्ट ऐकू येतं, आणि स्टॉपरला शिकायचं असतं ते नेमकं तेच.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी या दुसऱ्या, नव्या क्लबने डेव्हिड त्रेझेगेला आणलं. २००० च्या युरो स्पर्धेत रॉटरडॅमला इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल्डन गोल मारणारा तो हा त्रेझेगे. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, पुन्हा इटलीविरुद्धच, त्याची पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली आणि फ्रान्सचा कप गेला. लोकांच्या लक्षात हे दोन क्षण आहेत. माझ्या मनात त्याच्याबद्दल जो आदर आहे, तो वेगळ्या गोष्टींसाठी.

२००६ मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात त्याच्या युव्हेंटस या इटालियन क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. संघातले बरेच मोठे खेळाडू दुसरे क्लब गाठून मोकळे झाले. त्रेझेगे राहिला. नुकताच विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला माणूस वर्षभर लहान गावांच्या मैदानांवर खेळला, गोल केले आणि क्लबला वर घेऊन आला. पुढे २०११ मध्ये अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट क्लब इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्रेझेगेचं लहानपण अर्जेंटिनात गेलेलं. तो तिथे आला आणि पुन्हा दुसऱ्या श्रेणीत खेळला. जून २०१२ मध्ये ज्या सामन्याने रिव्हर परत वर आलं, त्यातले दोन्ही गोल त्याचे होते. खालच्या लीगमध्ये खेळायला पाय कचरू नयेत, हे इतक्या मोठ्या खेळाडूने दोनदा दाखवून दिलं. खालच्या गटात खेळणाऱ्या माझ्यासारख्याला याचं अप्रूप वाटणारच.

पुण्यात तो आला तेव्हा सदतिशीत होता. हंगामाच्या सुरुवातीलाच नवी मुंबईत मुंबई सिटीने पुण्याला पाच गोलांनी धुतलं. त्यातला शेवटचा गोल योहान लेत्झेल्टर नावाच्या एका बचावपटूचा. तोही फ्रेंच. दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाच्या सुट्टीत चर्चा झाली ती त्रेझेगेची आणि हॅट्ट्रिक करणाऱ्या आंद्रे मोरित्झची. लेत्झेल्टरचं नाव कोणी काढलं नाही. काढावं असं मलाही तेव्हा वाटलं नाही.

पुढे बालेवाडीत गोव्याविरुद्धचा सामना झाला. मी त्या स्टेडियममध्ये तोवर एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. केशरी जर्सी, ढोल, तोंडं रंगवलेली पोरं, पार्किंगपासून गेटपर्यंत रांगा. पुण्याने सामना २-० असा जिंकला. एक गोल ग्रीसच्या कात्सुरानिसचा आणि एक त्रेझेगेचा. मी सबंध सामना त्रेझेगेवरच नजर ठेवून होतो. तो जवळजवळ धावतच नव्हता. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना तो दोन बचावपटूंच्या मधल्या जागेत उभा असायचा. चेंडू पंखावर गेला की एक पाऊल मागे यायचा, त्याला धरून असलेला खेळाडू चेंडूकडे पाहायला वळला की त्याच क्षणी दोन पावलं पुढे. एवढंच. ती तीन पावलं कधी टाकायची, हे त्याला वीस वर्षांच्या खेळाने शिकवलं होतं. त्या हंगामात नऊ सामन्यांत त्याचे दोन गोल झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याच महिन्यात त्याच मैदानावर आणखी एक संघ उतरला. कल्याणी समूहाचा भारत एफसी, आय-लीगमधला नवा क्लब. त्यांच्या बचावफळीत ओळखीचं एक नाव दिसलं, लेत्झेल्टर. पुण्याला गोल मारून गेलेला फ्रेंच आता पुण्याचा झाला होता. त्याच्या जोडीला इंग्लंडचा बॉबी हॅसेल आणि प्रशिक्षक स्टुअर्ट वॉटकिस.

घरी येऊन मी या माणसांची माहिती काढली आणि रात्री बराच वेळ वाचत बसलो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगखाली तीन श्रेणी आहेत. चार मिळून ब्याण्णव क्लब, आणि त्यांच्याखालीही लीगच्या लीग. हॅसेल लहानपणापासून मॅन्सफिल्डचा. खाणकामगारांचं गाव, क्लब चौथ्या श्रेणीत. २००२ मध्ये मॅन्सफिल्ड तिसऱ्या श्रेणीत चढलं, तेव्हा प्रशिक्षक हेच वॉटकिस आणि संघात हॅसेल. पुढे तो बार्न्सलीला गेला, तेही कोळशाचंच गाव, आणि तिथे दहा वर्षं राहिला. म्हणजे चौथ्या श्रेणीतली ती जुनी ओळख धरून दोघं म्हाळुंग्यापर्यंत आले होते. कामाच्या माणसांची कामं अशीच जमतात. आमच्या पिरंगुटला एका कंपनीतला सुपरवायझर दुसरीकडे गेला की आपले दोन भरवशाचे फिटर घेऊन जातो.

भारत एफसीच्या त्या हंगामातल्या एका सामन्याला मी वडिलांना घेऊन गेलो. बाबा तालमीतले. फुटबॉल त्यांनी कधी नीट पाहिलेला नव्हता. स्टँड रिकामा. आम्ही पार खाली, कठड्याला लागून बसलो. अर्धा तास बाबा काही बोलले नाहीत. मग हॅसेलकडे बोट करून म्हणाले, "हा गडी बॉलकडं बघतच नाही रे."

"मग कुठं बघतो, बाबा?"

"समोरच्याच्या कमरेकडं. हात, पाय, डोळे, सगळं फसवतं. कंबर फसवत नाही. आम्हालाबी वस्तादांनी हेच शिकवलं."

मी तेव्हापासून नीट पाहायला लागलो आणि ते खरं होतं. समोरचा खेळाडू पायाने कितीही हूल देवो, हा जागचा हलायचा नाही. कंबर वळली की मगच पाय घालायचा. चेंडू आपल्याकडे नसताना सतत बोलत राहायचा. बॅकला आत ओढ, मधल्याला मागे बोलाव, ओळ वर चढव. त्याच्या दोन्ही बाजूंचे भारतीय पोरगे त्या आवाजावर हलत होते. पहिल्यांदाच मला कळलं की स्टॉपरचं निम्मं काम तोंडाने होतं. पुढच्या रविवारी मी आमच्या सामन्यात तसं बोलायला सुरुवात केली. आमचा गोलकीपर वैतागला, पण त्या दिवशी आमच्यावर गोल झाला नाही.

त्या रिकाम्या स्टँडमधून मला जेवढा फुटबॉल समजला, तेवढा भरलेल्या स्टेडियममधून समजला नाही, आणि यात त्रेझेगेचा काही कमीपणा नाही. मोठा खेळाडू काय करतो ते पाहून थक्क व्हायला होतं. खालच्या लीगमधला काय करतो ते पाहून घरी जाऊन करून पाहता येतं. आमच्या तालुक्यातल्या पोरांना दुसऱ्या प्रकारचे खेळाडू जवळून आणि वर्षानुवर्षं दिसायला हवे होते.

ते झालं नाही. भारत एफसी त्या हंगामात तळाला राहिला. थेट प्रवेश मिळालेला क्लब म्हणून त्याला घसरण्यापासून सूट होती, त्यामुळे त्याच्या वर असलेला गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, खालच्या श्रेणीत गेला. ज्याला सूट मिळाली तो भारत एफसी मात्र पुढच्या हंगामाआधीच बंद पडला. त्याच वर्षी पुणे एफसीही संपला. २००७ मध्ये उभा राहिलेला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आलेला, अराता इझुमीसारखा माणूस घडवणारा क्लब. जपानमध्ये जन्मलेला, गुजराती बापाचा हा मुलगा पुणे एफसीकडून खेळत असताना जपानचं नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं.

याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. मॅन्सफिल्ड २००८ मध्ये लीगच्या चारही श्रेणींतून बाहेर फेकलं गेलं. पाच वर्षं बाहेर खेळलं आणि २०१३ मध्ये परत आलं. युव्हेंटस खाली गेलं आणि परत आलं. रिव्हर प्लेट खाली गेलं आणि परत आलं. खाली जाणं म्हणजे मरण नव्हे, उलट खालच्या श्रेणीत राहण्याची तयारी असेल तरच क्लब जगतो. आपल्याकडे खाली जायची वेळ येऊ नये म्हणून सूट देतात आणि पैसे संपले की कुलूप लावतात. मालक होते, परदेशी प्रशिक्षक होते, चांगलं मैदान होतं. पण संघ तळाला गेला तरी दर शनिवारी तिकीट काढून येणारं गाव त्याच्या मागे नव्हतं. असं गाव दोन-चार हंगामांत तयार होत नाही. त्याला एक पिढी लागते आणि त्या पिढीला क्लब जागेवर सापडावा लागतो.

गेल्या हंगामात आमचा संघ जिल्हा लीगमध्ये एका गटाने खाली घसरला. आमच्यातले दोघे परदेशी गेले, एकाचं लग्न झालं, एकाचा गुडघा गेला. तरी आम्ही नोंदणीची फी भरली आहे. सकाळी सहाला सराव असतो, पौडच्या अलीकडे. जागा ओबडधोबड आहे, पण गोलपोस्ट आम्ही स्वतः वेल्डिंग करून उभे केलेत. आम्हाला एक डावखुरा बॅक हवा आहे. भूगाव, भूकूम, पिरंगुट, पौड भागात कोणी खेळणारा असेल तर त्याला पाठवा. बूट नसले तरी चालेल, ते आम्ही बघतो.